उसनी बोट

१९४२च्या एप्रिल-मे महिन्यांत अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या किनाऱ्यावर एक माणूस ब्रिटिश झेंडे शोधत हिंडत होता. त्याचं नाव एकॉक ब्राउन. मूळचा वार्ताहर, पण युद्ध सुरू झाल्यापासून नौदलाच्या गुप्तवार्ता विभागासाठी काम करत होता. समुद्राने वाळूवर आणून टाकलेल्या प्रेतांची ओळख पटवणं हे त्याच्या वाट्याला आलेलं काम, आणि त्या दिवसांत ते भरपूर होतं. १० एप्रिलला 'सॅन डेल्फिनो' हे ब्रिटिश तेलवाहू जहाज हॅटरस भूशिराजवळ जर्मन पाणबुडीने बुडवलं होतं. त्यावरच्या खलाशांना मूठमाती देताना शवपेटीवर त्यांच्या देशाचा झेंडा असावा, एवढंच ब्राउनला वाटत होतं. पण त्या आडबाजूच्या बेटांवर युनियन जॅक मिळणार कुठून? एक ब्रिटिश गस्ती बोट या पाण्यात फिरते हे त्याला ठाऊक होतं. ती बंदरात आल्यावर तो थेट तिच्यावर गेला. टॉमस कनिंगहॅम नावाच्या तरुण अधिकाऱ्याने त्याची विचारपूस केली आणि झेंडे काढून दिले. गरजेपेक्षा थोडे जास्तच दिले.

ती बोट म्हणजे 'बेडफर्डशायर'. नावामागे 'एचएमटी' अशी अक्षरं होती. हिज मॅजेस्टीज ट्रॉलर, म्हणजे राजेसाहेबांचा ट्रॉलर! राजाचा म्हणायचा, पण होता ग्रिम्सबीच्या एका मासेमारी कंपनीचा. जुलै १९३५मध्ये इंग्लंडात मिडल्सबरोजवळच्या साउथ बँक इथे, स्मिथ्स डॉकच्या गोदीत तो पाण्यात उतरला. लांबी सुमारे १६२ फूट, म्हणजे ससून डॉकला उभ्या असणाऱ्या ट्रॉलरच्या अंदाजे तिप्पट. इंजिन कोळशावर चालणारं. ग्रिम्सबीचे असे मोठे ट्रॉलर आइसलँड आणि नॉर्वेच्या थंडगार पाण्यात जाऊन कॉड, हॅडक पकडत आणि बर्फात घालून आठवड्या-दोन आठवड्यांनी घरी परतत. ऑगस्ट १९३९मध्ये, युद्ध जाहीर व्हायच्या थोडं आधी, ब्रिटिश नौदलाने ही बोट ताब्यात घेतली. तिच्या नाळेवर चार इंची तोफ बसली, मशीनगन आल्या, मागच्या बाजूला पाणबुडीवर टाकायचे स्फोटक पिंप रचले गेले. पाण्याखाली ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारं 'ॲस्डिक' यंत्रही तिच्या पोटात गेलं. जिथे बर्फ आणि मासळी भरायची, त्या खणात अशा बोटींवर खलाशांच्या झोपायच्या जागा केल्या जात. मासळीचा वास मात्र कितीही धुतला तरी जात नसे.

मासेमारी बोट लढाईला जुंपायची ही कल्पना तोवर तीस-बत्तीस वर्षं जुनी झाली होती. रशिया-जपान युद्धात पाणसुरुंगांनी मोठमोठ्या युद्धनौका बुडवल्या आणि सगळ्याच नौदलांची झोप उडाली. सुरुंग काढायचे कोणी आणि कशाने? १९०७मध्ये ब्रिटिश ॲडमिरल लॉर्ड चार्ल्स बेरेसफर्ड ग्रिम्सबीला गेले, तिथल्या ट्रॉलरांचं काम त्यांनी पाहिलं, आणि या कामाला हीच माणसं आणि हीच बोट हवी असं नौदलाला कळवलं. पुढच्या वर्षी 'अँडीज' आणि 'अल्गोमा' हे दोन ट्रॉलर भाड्याने घेऊन चाचणी झाली. १९१०मध्ये नौदलाच्या राखीव दलात ट्रॉलरवाल्यांची वेगळी शाखा निघाली. गंमत म्हणजे त्यातल्या प्रमुखांना कॅप्टन वगैरे केलं नाही. त्यांचा हुद्दा राहिला 'स्किपर', म्हणजे आपला तांडेल.

बेरेसफर्डना नेमकं काय दिसलं असेल, हे ज्याने ट्रॉलरवरचं काम पाहिलं आहे त्याला सांगावं लागणार नाही. ट्रॉलर म्हणजे मुळात ओढणारी बोट. मागे शेकडो फूट तारदोर, त्याच्या टोकाला समुद्रतळावरून घासत जाणारं जाळं, आणि ते खेचायला दणकट विंच. जाळ्याचं तोंड उघडं राहावं म्हणून दोन्ही बाजूंना दोन जड फळ्या असतात. पाण्याच्या दाबाने त्या पतंगासारख्या बाहेरच्या बाजूला झेपावतात. आता जाळं काढून टाका आणि नुसता धारदार तारदोर ओढा. तळाशी साखळीने बांधून तरंगत ठेवलेला सुरुंग त्या दोरात अडकेल, साखळी तुटेल, सुरुंग वर येईल आणि बंदुकीने फोडता येईल. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी याच तत्त्वावर बनलेली सुरुंग काढायची पद्धत जगभरच्या नौदलांनी उचलली. तिचं नाव 'ओरोपेसा'. ज्या ट्रॉलरवर ती आधी वापरून पाहिली, त्या ट्रॉलरचंच हे नाव. बोट स्वस्तात मिळत होती म्हणून नौदलाने मच्छीमारांचा दरवाजा ठोठावला, असं लिहिलेलं वाचायला मिळतं. स्वस्त होती हे खरं. पण नौदल भाड्याने घेत होतं ते प्रामुख्याने कसब. वादळात दोर न तुटू देता ओढायचं कसं आणि तळाचा चिखल कुठे संपून खडक कुठे सुरू होतो, हे नौदलाच्या कुठल्याच शाळेत शिकवत नव्हते.

पहिलं महायुद्ध संपेपर्यंत असे हजाराहून अधिक ट्रॉलर कामाला लागले होते. त्यांच्याबरोबर 'ड्रिफ्टर' म्हणजे हेरिंग पकडणाऱ्या लहान बोटीही होत्या. इटलीच्या टाचेशी, ओट्रांटोच्या सामुद्रधुनीत, या ड्रिफ्टरांनी पाणबुड्यांसाठी जाळी लावली. अक्षरशः पोलादी जाळी, आणि ती राखायला मच्छीमार! १५ मे १९१७च्या पहाटे ऑस्ट्रियाच्या क्रूझर तिथे आल्या आणि त्यांनी बोटी सोडून जाण्याचा इशारा केला. 'गोवनली' या ड्रिफ्टरचा स्किपर जोसेफ वॉट याने त्याऐवजी आपल्या चिमुकल्या तोफेने क्रूझरवर गोळे टाकायला सुरुवात केली. त्या दिवशी ४७ पैकी १४ ड्रिफ्टर बुडाले. वॉट वाचला, त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'नेल्सन' या शिडाच्या मासेमारी बोटीवर टॉम क्रिस्प हा स्किपर पाणबुडीशी लढताना कोसळला. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मदतीचा निरोप घेऊन एक कबूतर उडालं आणि त्यामुळे बाकीची माणसं वाचली.

दुसऱ्या महायुद्धात या दलाचं नाव झालं रॉयल नेव्हल पेट्रोल सर्व्हिस. इंग्लंडच्या पूर्व टोकाला लोस्टॉफ्ट गाव आहे. तिथल्या ज्या नगरपालिकेच्या बागेत उन्हाळ्यात नाच-गाण्यांचे कार्यक्रम होत, तीच बाग दलाचं मुख्यालय म्हणून ताब्यात घेतली गेली. बागेचं नाव 'स्पॅरोज नेस्ट', म्हणजे चिमणीचं घरटं. ग्रिम्सबी, हल, फ्लीटवुड, ॲबर्डीनचे मच्छीमार या घरट्यात हजर झाले आणि नाट्यगृहाच्या जमिनीवर पथारी पसरून झोपले. गणवेशातल्या नौसैनिकांनी या फौजेला नाव ठेवलं 'हॅरी टेटचं नौदल'. हॅरी टेट हा विनोदी नट, न चालणाऱ्या मोटारीच्या प्रहसनासाठी प्रसिद्ध. आपल्याकडे भंगार गाडीला 'डब्बा' म्हणतात, त्याच चालीवरचं हे नाव. मच्छीमारांनी ते लावून घेतलं आणि पुढे मिरवलंसुद्धा.

या डब्ब्यांनी केलेल्या कामांपैकी एक अरबी समुद्राच्या तोंडाशी झालं. १९३२पर्यंत ज्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चाले, त्या एडनच्या बाहेर. जून १९४०मध्ये इटली युद्धात उतरली आणि 'गॅलिलिओ गॅलिली' या तिच्या पाणबुडीने एडनजवळ 'जेम्स स्टोव्ह' हे नॉर्वेचं तेलवाहू जहाज बुडवलं. पण पाणबुडीतली हवा थंड ठेवणारी यंत्रणा गळू लागली आणि विषारी वायूने आतले खलाशी आजारी पडत चालले. १९ जूनला 'मूनस्टोन' या ट्रॉलरने तिला गाठलं. मूनस्टोन पूर्वी मासे पकडत असे. नौदलाने तो विकत घेऊन त्याला रत्नाचं नाव दिलं होतं. त्याच्या पिंपांच्या स्फोटांनी पाणबुडीला वर यावं लागलं. तिच्यावर ट्रॉलरपेक्षा जास्त तोफा होत्या, पण जवळून झालेल्या माऱ्यात पाणबुडीचा कप्तान आणि बाकीचे बहुतेक अधिकारी पडले. उरलेल्यांनी शरणागती पत्करली आणि पाणबुडी ओढत एडनला नेण्यात आली. तिच्यातून मिळालेल्या कागदपत्रांनी इतर इटालियन पाणबुड्यांचाही माग लागला. एका मासेमारी बोटीने अख्खी पाणबुडी धरून आणली!

भाड्याच्या ट्रॉलरची सर्वांत तिरकस गोष्ट मात्र आइसलँडची आहे. ज्या कॉडसाठी ग्रिम्सबीच्या बोटी तिकडे जात, त्यावरून आइसलँड आणि ब्रिटन यांच्यात तीनदा झगडा झाला. १९७५-७६च्या तिसऱ्या 'कॉड युद्धा'त आइसलँडच्या तटरक्षक दलाकडे बोटी कमी पडल्या, तेव्हा त्यांनी 'बाल्डुर' हा आपलाच नवा ट्रॉलर गस्तीला घेतला. या ट्रॉलरने ब्रिटिश मच्छीमारांच्या जाळ्यांचे दोर कापले आणि मार्च १९७६मध्ये 'डायोमीड' या ब्रिटिश फ्रिगेटला धडकून तिला मोठं भगदाड पाडलं. त्याच वर्षी ब्रिटनने माघार घेतली आणि ग्रिम्सबीचा दूरच्या समुद्रातला धंदा बसला.

मासेमारी बोट गस्तीला घेण्याचा हा प्रकार कोकणालाही अनोळखी नाही. १९९३च्या जानेवारी-फेब्रुवारीत रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर शस्त्रं आणि स्फोटकं उतरली, आणि १२ मार्चला बॉम्बस्फोटांनी मुंबई हादरली. त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्यावर 'ऑपरेशन स्वान' सुरू झालं. खोल समुद्रात नौदल, त्याच्या आत तटरक्षक दल आणि किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात भाड्याने घेतलेल्या ट्रॉलरांवरून नौदल, पोलीस आणि कस्टम्सच्या माणसांची संयुक्त गस्त. खाडीच्या तोंडाशी कुठे पुळण वर आली आहे, ओहोटीला कुठली वाट बंद होते, हे युद्धनौकेच्या नकाशापेक्षा तिथल्या तांडेलाला बरं ठाऊक. शिवाय ट्रॉलर दिसला तर कोणी बिचकत नाही. हा शेवटचा गुण दुधारी निघाला. नोव्हेंबर २००८मध्ये कराचीहून आलेल्या दहा हल्लेखोरांनी पोरबंदरची 'कुबेर' समुद्रात बळकावली, तिच्या तांडेलाकडून मुंबईची वाट काढून घेतली आणि शहर दिसू लागल्यावर त्याला ठार केलं. मासेमारी बोटींच्या गर्दीत आणखी एक मासेमारी बोट कोणाच्या डोळ्यांवर आली नाही.

बेडफर्डशायर अमेरिकेला पोचली तीही उसनवारीतूनच. डिसेंबर १९४०मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी पत्रकारांना शेजाऱ्याच्या आगीचा दाखला दिला होता. शेजारी जळत असताना पाण्याच्या नळीची किंमत विचारायची नसते. वापरू द्यायची आणि मग परत घ्यायची. त्याआधी सप्टेंबरात अमेरिकेने ब्रिटनला ५० जुन्या विनाशिका दिल्या होत्या. बदल्यात न्यूफाउंडलंडपासून त्रिनिदादपर्यंतच्या ब्रिटिश मुलखात ९९ वर्षांच्या पट्ट्याने तळांसाठी जागा घेतल्या होत्या. मार्च १९४१मध्ये लेंड-लीजचा, म्हणजे उसनवारी आणि भाडेपट्ट्याचा, कायदाच झाला. मग डिसेंबरात अमेरिका स्वतः युद्धात पडली आणि नळी उलटी फिरवायची वेळ आली.

जानेवारी १९४२पासून जर्मन पाणबुड्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर अक्षरशः पारध करत होत्या. किनाऱ्यावरच्या शहरांचे दिवे रात्रभर चालू असत आणि त्या उजेडापुढे जहाजांच्या काळ्या आकृत्या लांबून उठून दिसत. व्यापारी जहाजं एकेकटी जात. ताफे करावेत तर सोबत द्यायला लहान युद्धनौका नव्हत्या. हॅटरस भूशिराच्या आसपास तर इतकी जहाजं बुडाली की खलाशी त्या पट्ट्याला 'टॉर्पेडोची गल्ली' म्हणू लागले. ब्रिटिशांना हे अवघड जात होतं, कारण बुडणाऱ्या तेलात त्यांच्यासाठी निघालेलं तेलही होतं. त्यांनी १० कॉर्व्हेट आणि २४ ट्रॉलर अमेरिकेला देऊ केले. ट्रॉलर खलाशांसकट निघाले, हिवाळी अटलांटिक ओलांडत. 'नॉर्दर्न प्रिन्सेस' वाटेतच पाणबुडीने बुडवला. बाकीचे पोचले ते खिळखिळे होऊन, आणि आधी गोदीत डागडुजीला गेले. मग त्यांना किनाऱ्याच्या तुकड्या वाटून मिळाल्या. बेडफर्डशायरच्या वाट्याला नॉर्थ कॅरोलिनातलं मोरहेड सिटी बंदर आलं.

इथे कौतुक थोडं बाजूला ठेवायला हवं. पाणबुडीविरुद्धचं हत्यार म्हणून जुना ट्रॉलर दुबळा होता. ११-१२ नॉट हा त्याचा जेमतेम वेग. जर्मन पाणबुडी पृष्ठभागावर १७ नॉटने पळे. म्हणजे वर आलेली पाणबुडी ट्रॉलरला धरता येत नसे, उलट ती हवी ती जागा पकडून त्याची वाट पाहू शकत असे. ट्रॉलरने पाणबुड्या बुडवल्याही. ऑक्टोबर १९४१मध्ये कॅनरी बेटांजवळ 'लेडी शर्ली'ने 'यू-१११' बुडवली, पण दोनच महिन्यांनी जिब्राल्टरजवळ तीही सर्व माणसांसह गेली. ट्रॉलरचा खरा उपयोग होता पाणबुडीला खाली दाबून ठेवण्याचा आणि बुडालेल्यांना उचलण्याचा. एप्रिलपासून जहाजं दिवसाउजेडी एका आडोशापासून दुसऱ्यापर्यंत नेली जाऊ लागली, ती या असल्या बोटींच्या सोबतीमुळेच.

१० मेला बेडफर्डशायर मोरहेड सिटीहून निघाली. कोळसा नुकताच भरला होता. तिचा एक खलाशी मात्र किनाऱ्यावरच्या कुठल्याशा बखेड्यात अडकला आणि त्याची बोट चुकली. बोटीवर होते ३७ जण, प्रमुख लेफ्टनंट रसेल ब्रॅन्स्बी डेव्हिस. ११ मेच्या रात्री लुकआउट भूशिराच्या बाहेर 'यू-५५८' पाणबुडीचा कप्तान ग्युंटर क्रेख याला गस्त घालणारी ती एकटी बोट दिसली. त्याचे सुरुवातीचे टॉर्पेडो चुकले. बोटीला काही कळल्याची खूण नाही. पुढचा टॉर्पेडो बसला आणि काही क्षणांत सारं संपलं. मदतीची हाक द्यायलाही वेळ मिळाला नाही. किनाऱ्यावर कोणालाच पत्ता नव्हता. बोट गस्तीवर आहे, असंच सगळे धरून होते.

१४ मेला ओक्राकोक बेटाच्या वाळूवर दोन मृतदेह आले. अमेरिकन तटरक्षक दलाने ब्राउनला बोलावलं. त्यातला एक त्याने पाहताक्षणी ओळखला. झेंडे देणारा टॉमस कनिंगहॅम. दुसरा होता तारयंत्री स्टॅन्ली क्रेग. बेडफर्डशायर बुडाली हे जमिनीवर समजलं ते असं. विल्यम्स नावाच्या स्थानिक कुटुंबाने आपल्या खाजगी स्मशानाला लागून असलेली जागा देऊ केली. बेटावर पाद्री हजर नव्हता, तेव्हा अमासा फुल्चर या गावकऱ्याने प्रार्थना म्हटली. शवपेट्यांवर युनियन जॅक होते, कनिंगहॅमने दिलेल्यांपैकी उरलेले. आठवडाभराने आणखी दोन देह आले. त्यांची नावं कधीच कळली नाहीत.

मेच्या मध्यावर त्या किनाऱ्यावर नियमित ताफे सुरू झाले आणि पाणबुड्या दक्षिणेला, कॅरिबियनकडे सरकल्या. जूनमध्ये 'किंग्स्टन सिलोनाइट' हा आणखी एक उसना ट्रॉलर व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ जर्मन सुरुंगावर आपटून फुटला. 'यू-५५८' जुलै १९४३मध्ये बिस्केच्या उपसागरात विमानांनी बुडवली. तिच्यावरचे पाच जण वाचले, त्यांत क्रेख होता. लोस्टॉफ्टच्या बेल व्ह्यू बागेत १९५३मध्ये उभारलेल्या स्मारकावर पेट्रोल सर्व्हिसच्या २,३८५ जणांची नावं आहेत. ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही, अशांची. बेडफर्डशायरचा सांगाडा १९८०मध्ये डायव्हरना सापडला. सुमारे शंभर फूट पाण्याखाली, माशांच्या गर्दीत.

ओक्राकोकची ती जागा आज कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनकडे भाडेपट्ट्याने आहे. २,२९० चौरस फूट. मुदत अशी की जोवर ती दफनभूमी आहे तोवर पट्टा चालू. पांढऱ्या लाकडी कुंपणात चार थडगी आहेत आणि वर ब्रिटिश झेंडा कायम फडकतो. देखभाल अमेरिकन तटरक्षक दल करतं. दर मे महिन्यात तिथे सलामी होते, सगळ्यांची नावं वाचली जातात. कुंपणाला लागूनच विल्यम्स कुटुंबाच्या माणसांच्या कबरी आहेत.